अकरा महिन्यांची खुर्ची

ओटीपी नवऱ्याच्या फोनवर येतो आणि नवरा नागपूरला सेंट्रिंगच्या कामावर असतो. भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्याच्या उत्तर टोकाला, नाकाडोंगरीच्या पट्ट्यातल्या एका आरोग्य केंद्रात तासभर बसलो होतो, तेवढ्यात हा प्रकार दोनदा पाहिला. संगणकासमोरचा मुलगा म्हणतो, "थांबा जी, लावू द्या फोन." बाई नंबर सांगते. तिकडे मिक्सरच्या घरघरीत नवरा ओरडून सहा आकडे सांगतो, त्यातला एक चुकतो आणि वेळ संपते. पुन्हा पहिल्यापासून. बाईच्या मांडीवरचं बाळ एव्हाना रडून रडून झोपलेलं असतं. 'आभा' नावाचा चौदा आकडी आरोग्य क्रमांक इकडे असा जन्माला येतो.

मुलगा म्हणायचा, पण तिशी ओलांडलेला. बी.ए., एमएस-सीआयटी, टायपिंग मराठी तीस, इंग्रजी चाळीस. पदाचं नाव डाटा एन्ट्री ऑपरेटर. "तुम्ही कोणाचे?" असं विचारलं तर त्याला पटकन उत्तर देता येत नाही. बसतो सरकारी केंद्रात, काम सांगतात डॉक्टर, पगार येतो एजन्सीकडून, आणि ती एजन्सी आतापर्यंत तीनदा बदलली. खुर्ची मात्र तीच आहे. तिच्या एका पायाखाली पुठ्ठा आहे.

आरोग्य खात्याच्या संगणकीकरणावर लिहायचं तर सुरुवात पुण्या-मुंबईपासून करायची रीत आहे. मी या खुर्चीपासून करतो, कारण वरच्या सगळ्या मजल्यांवरचे आकडे इथूनच चढतात.

नाकाडोंगरी म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याचं, साग-मोहाच्या जंगलातलं गाव. जवळच डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथल्या मॉयलच्या मँगनीजच्या खाणी आहेत. तुमसर रोडहून तिरोडीकडे जाणारी रेल्वे याच पट्ट्यातून जाते. पलीकडे मध्य प्रदेशचा बालाघाट जिल्हा. सोयरिकी दोन्ही बाजूंनी होतात, आणि इथूनच नोंदीचा घोळ सुरू होतो. कटंगीकडे दिलेली पोरगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते. तिची नोंद सासरी एका राज्यात झालेली, बाळंतपण दुसऱ्या राज्यात. तिकडे हिंदीत नाव सांगितलेलं, इकडे मराठीत, पडद्यावर इंग्रजीत. एका ठिकाणी 'सुनीता' एका पद्धतीने लिहिलेली, दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्या. यंत्राच्या लेखी त्या दोन बाया. ऑपरेटर क्षणभर पाहतो आणि म्हणतो, "नाही, ही तीच आहे. हिची माय आमच्याच टोलीवर राहते."

हे कौशल्य कोणत्याही अभ्यासक्रमात नाही. टायपिंग कोणीही शिकतो. पण यादीतली कोणती सुनीता माहेरी आलेली, कोणाच्या आधारला दिराचा नंबर जोडलेला, कोणतं घर दिवाळीनंतर कामाला बाहेर जातं, हे ज्याला ठाऊक तोच खरा माहितीगार. आपण मात्र त्याला 'एन्ट्री'वाला म्हणतो.

आता थोडा मागचा हिशेब. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान एप्रिल २००५ मध्ये आलं आणि त्यासोबत कंत्राटी माणसांची मोठी फळी. २००९ मध्ये माता-बालकांचा माग ठेवणारी संगणकीय यादी, पुढे तिच्या जागी आरसीएच पोर्टल. २०१२ मध्ये क्षयरोगासाठी 'निक्षय'. २०१६ मध्ये आरोग्य सेविकांसाठी 'अनमोल' ॲप. मग असंसर्गजन्य आजारांचं वेगळं पोर्टल, १६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झालं तेव्हा 'कोविन', २७ सप्टेंबर २०२१ ला आयुष्मान भारत डिजिटल मिशन आणि त्याचं 'आभा', नंतर बाळांच्या लसींसाठी 'यू-विन'. प्रत्येकाचं लॉगिन निराळं. आणि कागदाचं रजिस्टर? ते कुठेच गेलं नाही. सेविका आधी रजिस्टरात लिहिते, मग मोबाइलवर भरते, मग महिनाअखेरीला ऑपरेटर तेच बेरीज करून अहवालात टाकतो. तीन वेळा लिहिलेली गोष्ट तिन्ही ठिकाणी सारखीच असेल, ही अपेक्षा फक्त व्हीसीत बसलेल्या साहेबांची.

सिकलसेलचंच घ्या. पूर्व विदर्भाचा हा घरचा आजार. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ ला शहडोलहून निर्मूलन मोहीम सुरू केली. शून्य ते चाळीस वयोगटातल्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत आजार संपवायचा, असं लक्ष्य. तपासणी एकदाच होते, पण नोंद जन्मभर लागते. आई-बाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात चारातली एक शक्यता रुग्ण मूल होण्याची. म्हणजे सोळाव्या वर्षी शाळेत झालेल्या तपासणीचा निकाल बाविसाव्या वर्षी लग्न जमताना हाताशी हवा. मधल्या सहा वर्षांत ती नोंद सांभाळणारी किती माणसं येऊन गेली असतील? प्लॅस्टिकच्या पिशवीत कार्ड गुंडाळून पेटीत ठेवणाऱ्या बापावर माझा पोर्टलपेक्षा जास्त भरवसा आहे, हे खेदाने सांगतो.

माहिती माणसावर किती अवलंबून असते, हे महाराष्ट्राला संगणकाच्या आधीच कळायला हवं होतं. २००१ साली आलेल्या 'कोवळी पानगळ' या अहवालाने दाखवलं की बालमृत्यू सरकारी नोंदीपेक्षा कितीतरी जास्त आहेत. मुलं मरत होती आणि कागदावर मरत नव्हती. त्यामागे गडचिरोलीच्या शोधग्रामचा अनुभव होता. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, तो ३९ गावांत झाला आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. नवजात मृत्यूंचं प्रमाण साठ टक्क्यांहून जास्त घटलं, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. मला त्यातली कमी बोलली जाणारी बाजू महत्त्वाची वाटते. गावातलाच शिकवलेला माणूस जन्म-मृत्यू टिपायचा आणि दर सहा महिन्यांनी घरोघर फिरून सुटलेल्या नोंदी शोधल्या जायच्या. संगणक नंतर आला; आधी नोंदीची माणसं तयार झाली, आणि ती टिकली.

उलट उदाहरण अंगणवाडीचं. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. फोन जुनाट, तापणारे, बंद पडणारे, आणि पोषण ट्रॅकर इंग्रजीत. मोर्चे पगारासाठी निघतात, हे पाहायची सवय होती. हातातलं हत्यार चालत नाही म्हणून ते परत करणारा कामगार विरळाच. २०२३ मध्ये आशाताई संपावर गेल्या तेव्हा ऑनलाइन कामाची सक्ती नको, हाही मुद्दा होता. त्याच वर्षी आणि पुन्हा ऑगस्ट २०२५ मध्ये आरोग्य अभियानाचे कंत्राटी कर्मचारी सेवेत कायम करण्यासाठी संपावर बसले. संपाच्या बातमीत 'रुग्णांचे हाल' येतात. नोंदीला पडलेल्या भगदाडाची बातमी होत नाही. ते नंतर, संप मिटल्यावर, रात्री जागून बुजवलं जातं. कसं बुजवतात, ते विचारू नये.

वरच्या मजल्यावर परिस्थिती गरिबीची नाही. पुण्यात १९८८ पासून सी-डॅक आहे. आरोग्य नोंदींच्या मानकांचं राष्ट्रीय केंद्रही तिथेच. आयआयटी मुंबईत २०२१ पासून डिजिटल आरोग्याचं कोईटा केंद्र आहे. मुंबईच्या सिटियसटेकसारख्या कंपन्या २००५ पासून अमेरिकेतल्या आरोग्यसेवेसाठी सॉफ्टवेअर करतात. म्हणजे परदेशातल्या रुग्णाची नोंद सांभाळायला मराठी मुलं पुरून उरतात. भंडाऱ्याच्या रुग्णाच्या वाट्याला येताना मात्र हिशेब बदलतो. जुलै २०२२ मध्ये राज्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांतल्या रुग्णालयांची संगणक सेवा कंत्राट संपवल्यामुळे बंद पडली आणि नागपूरच्या मेडिकलमध्ये केसपेपर पुन्हा हाताने लिहिण्याची वेळ आली. इकडची माणसं मोठ्या आजाराला तिथेच जातात.

अमेरिकेने हा पेच वेगळ्या टोकाने धरला होता. २००९ च्या कायद्याने दवाखान्यांना संगणक घ्यायला पैसे दिले, तेव्हाच ते चालवणारी माणसं कुठून आणायची हाही प्रश्न घेतला. ८२ कम्युनिटी कॉलेजांत सहा महिन्यांचे अभ्यासक्रम काढले. बसवणारा वेगळा, शिकवणारा वेगळा, कामाची पद्धत बदलून देणारा वेगळा, अशा भूमिका ठरवल्या. सगळं सुरळीत झालं असं नाही. तिथले डॉक्टरही पडद्याला शिव्या घालतात. पण यंत्राच्या बजेटासोबत माणसाचं बजेट एकाच कागदावर मांडलं, एवढं उचलण्यासारखं आहे.

"खेड्यात कुशल माणूस टिकत नाही" हे वाक्य मी बैठकांतून इतकं ऐकलं आहे की कोणी उच्चारलं की हात खिशातल्या सुपारीकडे जातो. डॉक्टरच्या बाबतीत ते खरं असेल. ऑपरेटरच्या बाबतीत साफ उलटं आहे. त्याचं घर इथे, धानाची दोन एकर इथे, म्हातारे आई-बाप इथे. पुण्यात जेवढ्यावर खोली परवडत नाही, तेवढ्यात तो इथे संसार करतो. तो कुठे जात नाही. नोकरीच दर अकरा महिन्यांनी त्याला सोडून जाते. आणि जेव्हा तो खरंच जातो, तेव्हा पगार कमी म्हणून जात नाही. दहा वर्षांनीही आपण ऑपरेटरच असणार, हे त्याला दिसलेलं असतं. तालुक्याला नोंदी तपासणारा, जिल्ह्याला इतरांना शिकवणारा, अशी चढायची एकही पायरी त्याच्यासाठी बांधलेली नाही. जिल्ह्याला जो आकडे पाहणारा अधिकारी असतो, तो बाहेरून पदवी घेऊन येतो. सेविकेला सेवाज्येष्ठता असते, ऑपरेटरला फक्त मुदत असते.

निघताना त्याच्या टेबलावरची लांब वही पाहिली. पोर्टलात ज्याला जागा नाही ते सगळं तिच्यात. नावं, टोपणनावं, 'माहेरी गेली', 'फोन दिराकडे', 'बुधवारी बाजाराला येते, तेव्हा विचारणे'. आठ वर्षांचं अक्षर, तीन रंगांच्या शाईत. आदेश कधी संपतो विचारलं, तर म्हणाला, पुढच्या महिन्यात. मग ही वही?

"कोणाकडे जमा करू जी?" त्याने मलाच विचारलं. एजन्सीला तिच्याशी कर्तव्य नाही, केंद्राच्या साठा रजिस्टरात ती चढलेली नाही. टेबलाला खण आहे, पण त्याची किल्ली त्याच्या आधीचा मुलगा घेऊन गेला तो आलाच नाही. बाहेर लाइन गेली होती. त्याने वही आपल्या पिशवीत डब्याशेजारी सरकवली आणि पुढच्या बाईला हाक मारली.