मायस्थेनिया ग्रॅव्हिस: कुत्र्या-मांजरांतील स्नायुदौर्बल्याची ओळख

थोडे चालताच कुत्र्याची पावले आखूड पडू लागली आणि ते वाटेतच बसले, की ‘वय झाले’ किंवा ‘सांधे धरले’ असा निष्कर्ष घाईने काढला जातो. सांधेदुखीत मात्र विश्रांतीनंतरची पहिली पावलेच जड जातात; उलट श्रमाने वाढणारी आणि काही मिनिटांच्या विश्रांतीने ओसरणारी दुर्बलता मायस्थेनिया ग्रॅव्हिसकडे बोट दाखवते. मज्जातंतूच्या टोकातून स्रवणारे ॲसिटिलकोलिन हे रसायन स्नायूवरील ग्राहींना, म्हणजे ते टिपणाऱ्या प्रथिनांना, चिकटले की स्नायू आकुंचन पावतो. या विकारात प्रतिकारसंस्थाच त्या ग्राहींविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करते.

पाय धडधाकट असले म्हणजे हा विकार नव्हे, हा समज अधिक घातक आहे. कुत्र्याची अन्ननलिका संपूर्ण लांबीभर ऐच्छिक स्नायूंची असल्यामुळे केवळ तीच सैल पडून फुगू शकते. उलटीत पोटाला उचके बसतात. येथे मात्र कुत्र्याने मान खाली घालताच न पचलेले, लाळेने माखलेले अन्न अलगद बाहेर पडते. हा फरक पशुवैद्यकास आवर्जून सांगावा, कारण तेच अन्न फुप्फुसांत शिरून होणारा न्यूमोनिया हे या विकारातील मृत्यूचे प्रमुख कारण आहे. मांजराच्या अन्ननलिकेचा खालचा भाग अनैच्छिक स्नायूंचा असल्याने त्याच्यात हे लक्षण कमी आढळते; तथापि छातीतील थायमस ग्रंथीची गाठ कुत्र्यांपेक्षा मांजरांत कितीतरी अधिक वेळा सापडते, म्हणून छातीचा एक्स-रे टाळू नये.

निओस्टिग्मिनच्या इंजेक्शनने जनावर तरतरीत झाले म्हणजे निदान पक्के झाले, असेही नाही. तसा प्रतिसाद अन्य स्नायुविकारांतही दिसू शकतो. खात्रीची चाचणी रक्तातील प्रतिपिंडांची असून कुत्र्यांत लिटरमागे 0.6 व मांजरांत 0.3 नॅनोमोलपेक्षा अधिक पातळी निदानास पुष्टी देते. स्टेरॉइडमुळे ही पातळी घटते, त्यामुळे रक्ताचा नमुना ते औषध सुरू होण्यापूर्वीच घ्यावा लागतो. जन्मजात प्रकारात, जो जॅक रसेल टेरिअरसारख्या जातींत आढळतो, ही प्रतिपिंडे नसतातच.

निदान होताच दयामरणाचा विचार करणे अनाठायी आहे. पायरिडोस्टिग्मिन आणि उभ्या स्थितीत भरवणे यांच्या आधारे तग धरलेल्या अनेक कुत्र्यांत हा विकार काही महिन्यांत आपोआप शमतो. अशा जनावराच्या तोंडात पाणी वा पातळ अन्न बळेच मात्र कधीही ओतू नये.