फॅटी लिव्हर आणि तेलाचा डबा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरात सोनोग्राफीच्या कागदावर ‘फॅटी लिव्हर’ आलं, की पहिला संशय तेलावर जातो. कुणी म्हणतं, शेंगदाण्याचं सोडा, मोहरीचं धरा. मुरैना-भिंडची मोहरी दारात पिकते. कुणी तेलच बंद करतं. चहातली साखर मात्र तशीच राहते.

गैरसमज : यकृतातली चरबी म्हणजे खाल्लेलं तेल.

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ साली या चरबीचा माग काढला. सुमारे ५९ टक्के चरबी अंगावरच्या मेदातून आलेली होती, २६ टक्के यकृताने स्वतः बनवलेली, मुख्यतः साखर आणि पिठूळ पदार्थांपासून. थेट जेवणातल्या तेलातुपाचा वाटा १५ टक्के. रुग्ण नऊच होते, पण दिशा स्पष्ट आहे.

गैरसमज : वनस्पती तेल यकृताला वाचवतं, हे प्रयोगांत सिद्ध झालंय.

कुठल्या प्रयोगांत, ते आधी विचारावं. बहुतेकदा उंदराला कार्बन टेट्राक्लोराइड देऊन यकृत जखमी करतात आणि मग तेल किंवा अर्क देऊन पाहतात. आपलं यकृत बिघडतं ते लठ्ठपणा, मधुमेह, दारू, काविळीचे विषाणू यांनी. माणसांवरचा एक चांगला प्रयोग स्वीडनमध्ये झाला, २०१४ साली प्रसिद्ध झाला. ३९ तरुणांना सात आठवडे जादा मफिन खायला दिले, काहींना पाम तेलाचे, काहींना सूर्यफुलाच्या तेलाचे. वजन दोन्हीकडे सारखंच वाढलं. यकृतात चरबी जास्त साठली ती पाम तेलवाल्यांच्या. आता पामही वनस्पतीच! तेव्हा तेलाच्या जातीने फरक पडतो, पण तेल हे औषध नव्हे. दारू पिणाऱ्याने तर तेलाचा आधार शोधूच नये.

गैरसमज : कच्च्या घाणीचं म्हणजे शुद्ध.

ग्वाल्हेरकराने तरी हे म्हणू नये. मोहरीच्या शेतात पिवळा धोत्रा उगवतो, हिंदीत ज्याला सत्यानाशी म्हणतात. त्याचं बी मोहरीसारखंच बारीक, काळपट. घाणा काय, जे घालाल ते पिळतो. या बियांतल्या सँग्विनरीनमुळे बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात. पाय सुजतात, दम लागतो, हृदय थकतं. १९९८ साली दिल्लीत अशा भेसळीच्या तेलाने ६०हून अधिक माणसं दगावली. दोन वर्षांनी, २००० साली, ही जलशोथाची साथ ग्वाल्हेरमध्येही आली. शेंगदाणा तेलवाल्यांनीही निर्धास्त राहू नये : बुरशी लागलेल्या दाण्यांत अफ्लाटॉक्सिन असतं, ते थेट यकृतावर घाव घालतं आणि घाणीच्या तेलात थोडंफार उतरतं.

सुटं तेल घेऊ नका, खवट किंवा बुरशीचे दाणे घाण्यावर नेऊ नका. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शिकेत २००० कॅलरींच्या आहाराला दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. चौघांच्या घराला महिन्याला साधारण साडेतीन लिटर. तुमच्याकडे किती संपतं, ते या महिन्यात मोजून पाहा.