गाठ पोटाला, फोटो छातीचा!

कसबा बावड्यात मेडिकल, इंजिनिअरिंगची कॉलेजं. म्हणजे चहाच्या गाड्यासमोर बिस्किटाची वाट बघणारी एखादी राणी तुमच्याही ओळखीची असणारच. एक दिवस तिला कुरवाळताना सडाजवळ गाठ हाताला लागते. तुम्ही पोरं वर्गणी काढता, तिला रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेता. डॉक्टर म्हणतात, ‘आधी छातीचा एक्स-रे काढू.’

गाठ पोटाला आणि फोटो छातीचा? पैसे उकळायचा धंदा वाटतो ना? थांबा जरा.

नसबंदी न झालेल्या मादी कुत्र्यांमध्ये स्तनाच्या गाठी सर्रास होतात. त्यातल्या साधारण निम्म्या कॅन्सरच्या निघतात. गाठीतून सुटलेल्या पेशी रक्तातून हृदयात आणि तिथून फुप्फुसात जातात. तिथल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांत त्या अडकतात आणि वाढू लागतात. तसं झालं असेल तर पोटाची गाठ कापून आजार जात नाही. भूल, ऑपरेशन, टाके हे सगळं राणीला सोसायला लावायचं का, हे ठरवायला तो फोटो लागतो.

फोटोही एक नाही, तीन हवेत. डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर आणि उताणं. कुत्रं कुशीवर झोपलं की खालचं फुप्फुस दबतं, त्यातली हवा कमी होते. एक्स-रेत हवा काळी दिसते, गाठ पांढरी. हवाच नसेल तर पांढऱ्यावर पांढरं, दिसणार काय? कूस बदलली की दुसरं फुप्फुस वर येतं. त्यात फोटो घ्यायचा तो श्वास आत घेतलेला असताना. राणी धापा टाकत असेल तर डॉक्टरांची खरी परीक्षा! तिला धरायला तुम्हीच उभे राहणार असाल, तर शिशाचा एप्रन मागून घ्या.

फोटो स्वच्छ आला म्हणून लगेच पार्टी नको. साधारण ५ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे तुरीच्या दाण्यापेक्षा लहान गाठ त्यात सहसा सापडत नाही. सीटी स्कॅनला मोहरीएवढीही दिसते, पण त्यासाठी बहुतेक वेळा भूल द्यावी लागते. म्हणून ऑपरेशननंतरही काही महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढतात.

१९६९ च्या एका अमेरिकी अभ्यासात, पहिल्यांदा हीटवर येण्याआधीच नसबंदी झालेल्या कुत्र्यांना स्तनाच्या कॅन्सरचा धोका नसबंदी न झालेल्यांच्या अर्धा टक्काच उरला होता. दोनदा हीट होऊन गेल्यावर नसबंदी केली, तर तो २६ टक्के होता. राणीची पिल्लं आता किती महिन्यांची झाली?