शहर आणि उपद्रव – भाग ६ : सी-वन

पावसाळा तोंडावर आला की मुंबईत अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर होते. मग कुठल्याशा दारावर नोटीस डकवली जाते आणि त्या जिन्यावर एकच शब्द फिरू लागतो. ‘आमची सी-वनमध्ये गेली.’ सी-वन म्हणजे रिकामी करून पाडायची. त्याखालचे वर्ग दुरुस्तीचे: टू-ए म्हणजे काही भाग रिकामा करून, टू-बी म्हणजे माणसं आत असताना. सी-थ्री म्हणजे किरकोळ डागडुजी.

गेल्या आठवड्यात मोकळ्या प्लॉटवरचा कचरा आणि साचलेलं पाणी पाहिलं. तो उपद्रव नाकाला आणि डासांना कळतो. पडायला आलेली इमारत हाही कायद्याच्या लेखी उपद्रवच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२, म्हणजे जुन्या फौजदारी संहितेचं १३३, सार्वजनिक उपद्रव हटवण्याचे अधिकार देतं. पडून कुणाला इजा करील अशी इमारत, तंबू किंवा झाड हे सगळं त्याच कलमात बसतं. मुंबईत मात्र रोज वापरात असतं ते १८८८ च्या महापालिका कायद्यातलं कलम ३५४. पाडा, दुरुस्त करा, टेकू लावा, असं आयुक्त मालकाला किंवा राहणाऱ्याला फर्मावू शकतात.

इथवर सगळं सरळ वाटतं. गोम पुढे आहे. कचऱ्याची तक्रार शेजारी करतो आणि मालक कानाडोळा करतो. जुन्या इमारतीत पुष्कळदा उलटं घडतं. इमारत मोडकळीला आली म्हणून मालक घाईला येतो आणि आतला भाडेकरू छातीठोकपणे सांगतो, ‘काही झालेलं नाही, भिंत दणकट आहे.’ दोघांचाही हिशेब चोख असतो. पागडीच्या खोलीचं भाडं पिढ्यान्‌पिढ्या गोठलेलं; वाढ झालीच तर वर्षाला ४ टक्के. त्या पैशात जिन्याची फळीसुद्धा बदलून होत नाही, पण इमारत गेली तर खालची जमीन सोन्याची. भाडेकरूला भीती अशी, की एकदा बाहेर पडलो की संक्रमण शिबिरातच केस पांढरे होणार. त्यामुळे ‘धोका आहे’ हे वाक्य कुणी म्हणायचं, हाच खरा तंटा.

मालक खासगीच असतो असंही नाही. २७ सप्टेंबर २०१३ रोजी माझगावात बाबू गेनू मंडईची इमारत कोसळली, ६१ माणसं गेली. इमारतीचं वय जेमतेम तिशीपार. मालक खुद्द महापालिका, राहणारे तिचेच कर्मचारी. नोटीस देणारा आणि घेणारा एकच.

जून २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने धोकादायक इमारतींसाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली आणि त्या तंट्याला काहीतरी शिस्त आली. मालकाच्या अभियंत्याने एक म्हटलं आणि भाडेकरूंच्या अभियंत्याने दुसरं, तर प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीपुढे जातं. नुसत्या नजरेवर अहवाल चालत नाही. काँक्रीटमधून ध्वनिलहरी सोडायच्या, गाभा कापून काढायचा, सळईचा गंज मोजायचा. सळई गंजली की फुगते आणि वरचं काँक्रीट आतून ढकलते. छताला पोपडा दिसतो तेव्हा आतलं काम बरंच पुढे गेलेलं असतं. आणि नेमका तोच पोपडा आपण गणपतीच्या आधी पुट्टी मारून झाकतो.

म्हाडाच्या वाटेने आलेली सुधारणा मात्र अडखळली. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींसाठी म्हाडा कायद्यात आलेल्या कलम ७९-अ मध्ये क्रम साधा आहे: धोकादायक ठरल्यावर आधी मालकाला सहा महिने, मग भाडेकरूंच्या संस्थेला सहा महिने, दोघेही हलले नाहीत तर जागा म्हाडा घेणार. कल्पना मला पटते. पण धोका ठरवला कुणी, हा प्रश्न इथेही आडवा आलाच. अशा ९३५ नोटिसा कार्यकारी अभियंत्यांनी काढल्या होत्या आणि त्यांना तो अधिकारच नाही, असं उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये ठरवलं.

माझ्या मते २०१४ च्या तत्त्वांतली सर्वांत मोलाची गोष्ट चाचण्यांची नाही, फुटपट्टीची आहे. इमारत पाडण्याआधी महापालिकेने प्रत्येक भाडेकरूच्या ताब्यातलं क्षेत्र मोजून नोंदवायचं. इमारत गेली तरी हक्क जात नाही, आणि तो कागदावर चौरस फुटांत राहतो. ही नोंद हातात असली की माणूस बाहेर पडायला तयार होतो.

गिरगावातल्या एका चाळीत अशी मोजणी पाहिली. फितीचं एक टोक खिडकीशी, दुसरं दाराशी. खोलीतल्या काकूंनी टोपलीतल्या मेथीच्या जुड्या बाजूला सारल्या आणि विचारलं, ‘मोरी धरली का?’ धरली होती. मग त्यांनी वर बोट दाखवलं. ‘आणि पोटमाळा? तिथे माझी दोन्ही पोरं वाढली.’ मोजणाऱ्याने फीत गुंडाळता गुंडाळता थांबवली आणि शिडी मागितली.