थंडीत बाईक स्टार्ट होत नाही? नवी बॅटरी घेताना फक्त 'एएच' बघू नका

निफाड, महाबळेश्वर भागात पारा एक आकडी झाला की सकाळी अनेकांची बाईक रुसते. बटण दाबलं की नुसतं 'टक्-टक्' होतं आणि इंजिन काही फिरत नाही. बीएस-6च्या अनेक गाड्यांना तर किकच नाही. ढकलून बघावं, तर इंजेक्शनवाल्या गाडीचा फ्युएल पंप आणि ईसीयूही बॅटरीवरच चालतात.

थंडीत नेमकं काय होतं?

बॅटरीतून करंट मिळतो तो शिसं आणि आम्ल यांच्यातल्या रासायनिक क्रियेमुळे. थंडीत ही क्रिया मंदावते. त्याच वेळी इंजिन ऑइल घट्ट होतं, म्हणजे इंजिन फिरवायला ताकद जास्त लागते. थोडक्यात, मागणी वाढते आणि पुरवठा घटतो.

पण आपल्याकडच्या थंडीत चांगली बॅटरी बंद पडत नाही. तिचं खरं नुकसान होतं उन्हाळ्यात. उष्णतेमुळे आतल्या प्लेट्स लवकर झिजतात, पाणी कमी होतं. हिवाळ्यात फक्त ते उघड होतं.

बॅटरीच खराब आहे का?

आधी मल्टिमीटरने तपासा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीत 12.6 व्होल्टच्या आसपास दिसले तर चार्ज पुरेसा आहे. स्टार्टर मारताना आकडा 9.5च्या खाली गेला तर बॅटरी थकली आहे. गाडी चालू असताना, थोडी रेस दिल्यावर साधारण 13.5 ते 14.5 व्होल्ट मिळायला हवेत. तेवढे मिळत नसतील तर दोष चार्जिंगमध्ये आहे. अशा वेळी नवी बॅटरीही काही दिवसांत बसेल आणि पैसे वाया जातील.

घेताना काय बघायचं?

एएच म्हणजे बॅटरीत किती साठा आहे. स्टार्ट करताना एका दमात किती जोर मिळेल, ते सांगतो सीसीए, म्हणजेच कोल्ड क्रँकिंग अँपिअर. उणे 18 अंशांना, 7.2 व्होल्टच्या खाली न जाता, बॅटरी 30 सेकंद किती करंट देऊ शकते, त्याचा हा आकडा. लेबलवर नसेल तर कंपनीच्या माहितीपत्रकात शोधा. एएच आणि माप सारखं असेल, तर जास्त सीसीएवाली घ्या.

बाकी तीन गोष्टी: माप आणि प्लस-मायनसची बाजू जुन्या बॅटरीसारखीच हवी. उत्पादनाची तारीख बघा, कारण दुकानात पडून राहिलेली बॅटरीही हळूहळू डिस्चार्ज होते. आणि नवी बॅटरी पूर्ण चार्ज करूनच बसवून घ्या.

लिथियम घ्यावी का?

वजनाला ती खूपच हलकी असते. पण कडक थंडीत पहिल्या झटक्यात ती कमी करंट देते, आणि शून्याखालच्या तापमानात चार्ज केली तर खराब होऊ शकते. हिवाळ्यात लडाख-स्पितीला जाणार असाल तर सीलबंद एजीएम बॅटरी बरी. मात्र ती पूर्ण चार्ज ठेवा. उतरलेल्या बॅटरीतलं आम्ल पाण्यासारखं पातळ होतं आणि तिथल्या थंडीत गोठून बॅटरी फुटू शकते.

जाता जाता, जुनी बॅटरी भंगारात टाकू नका, त्यात शिसं असतं. दुकानात परत दिली तर नव्या बॅटरीच्या किमतीत सूटही मिळते.