तुलनेसाठी चार सऱ्या सोडा

१९७३ साली अमेरिकेच्या 'स्कायलॅब' या अंतराळ प्रयोगशाळेत शाळकरी मुलांनी आखलेले प्रयोग झाले. लेक्झिंग्टनच्या ज्युडिथ माइल्स या विद्यार्थिनीचा प्रश्न साधा होता: वजनच जाणवत नाही तिथे कोळी जाळे विणेल का? अरबेला नावाच्या कोळिणीचे पहिले जाळे वेडेवाकडे झाले. पुढे ते बरेच सुधारले, पण धागा बारीक निघाला. तुलनेला जमिनीवरची जाळी होती, म्हणूनच हा फरक कळला.

आमचे सांगणे एवढेच, की नवे खत घालाल तेव्हा त्याच प्लॉटात चार सऱ्या जुन्याच पद्धतीने ठेवा. बेणे, पाणी, लागणीची तारीख एकच धरा. तोडणीला वजन वेगवेगळे घ्या. नाहीतर टनेज वाढले ते खताने की पावसाने, हे कळायचे नाही आणि पैसे मात्र गेलेले असतील.