दहा सेकंदांचा थर

वर्ध्याला लागून असलेल्या सावंगी (मेघे)चं नाव आता गाव म्हणून कमी आणि दवाखाना म्हणून जास्त घेतलं जातं. ‘सावंगीला नेलं’ म्हटलं की आजूबाजूच्या जिल्ह्यांत पुढचं विचारावं लागत नाही. आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयात भरती केलं, एवढा अर्थ त्यात येतोच. शरद पवार दंत महाविद्यालयही इथलंच. विदर्भातल्या कुठल्याही दंत रुग्णालयात रोज कोणता रुग्ण येतो हे ओळखायला पानठेल्यापर्यंत जावं लागतं. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा वर्षानुवर्षं गालात धरला की गालाची आतली कातडी कडक होते, तोंड उघडेनासं होतं. पुढे काहींच्या नशिबी जबड्याचा कर्करोग येतो.

ज्याचं तोंड दोन बोटंही उघडत नाही, त्याच्या दातांचं माप घेणं ही मोठी अडचण असते, कारण मापाचा ट्रेच आत जात नाही. जबड्याचा तुकडा काढावा लागला, तर उरलेली हाडं जोडून धरणारी टायटॅनियमची पट्टी सर्जनला ऑपरेशन चालू असतानाच वाकवून, लावून, काढून, पुन्हा वाकवून बसवावी लागते. रुग्ण तेवढा वेळ भुलीखाली असतो. इथे थ्रीडी प्रिंटर कामाला येतो. सीटी स्कॅनवरून रुग्णाच्या जबड्याची हुबेहूब प्रतिकृती आदल्या दिवशी छापायची, पट्टी तिच्यावर निवांत वाकवायची, निर्जंतुक करायची आणि मगच रुग्णाला टेबलावर घ्यायचं. प्रिंटरने खरा वेळ वाचवला तो ऑपरेशन थिएटरमध्ये. पण कार्यक्षमतेची चर्चा निघाली की लोक यंत्राचा वेग विचारतात.

म्हणून आधी यंत्राचा वेगच बघू. दंतवैद्यकात जास्त करून रेझिनचा प्रिंटर चालतो. खाली पारदर्शक तळाची टाकी, तिच्यात प्रकाशाने घट्ट होणारं द्रव रेझिन, तळाखाली एलसीडी स्क्रीन आणि अतिनील दिवे. वरून एक प्लेट रेझिनमध्ये उतरते, स्क्रीनवर एका थराची आकृती उमटते, तेवढं रेझिन काही सेकंदांत घट्ट होतं. तवा सोडणाऱ्या भाकरीसारखा तो थर तळापासून सुटतो, प्लेट केसभर वर जाते आणि पुढचा थर सुरू होतो. अमेरिकेत चक हल यांनी १९८४ साली पेटंटसाठी अर्ज केला, त्या यंत्रात लेझरचा ठिपका प्रत्येक थर रेघारेघांनी भरत असे. वस्तू जितकी भरीव, तितका वेळ जास्त. स्क्रीनच्या प्रिंटरमध्ये अख्खा थर एकदम घट्ट होतो. त्यामुळे प्लेटवर एक जबडा असो की दहा, वेळ तेवढाच लागतो. तो ठरतो फक्त उंचीवर.

या एका गोष्टीतून सगळा हिशेब उलटा होतो. समजा एक थर ०.१ मिलिमीटरचा आणि उचल-उतार धरून त्याला १० सेकंद. दातांच्या कमानीचं मॉडेल आडवं ठेवलं तर उंची २० मिलिमीटर, म्हणजे २०० थर, साधारण ३३ मिनिटं. मध्यम आकाराच्या प्लेटवर अशी चार बसतील. एकामागे आठ-सव्वाआठ मिनिटं. तेच मॉडेल उभं केलं तर उंची ६० मिलिमीटर, ६०० थर, १०० मिनिटं. पण उभी दहा बसतात. एकामागे दहा मिनिटं. कागदावर आडवी मांडणी जिंकली. मात्र ही जीत टिकते ती दर अर्ध्या तासाने प्लेट काढून दुसरी लावणारा माणूस शेजारी उभा असेल तोवर. संध्याकाळी सहाला तंत्रज्ञ घरी गेला की आडव्या मांडणीतून सकाळपर्यंत चार मॉडेलं हाती येणार, उभ्यातून दहा. दिवसा आडवं, रात्री उभं: एवढा साधा नियम पाळला तरी नवा प्रिंटर घेण्याची वेळ पुढे ढकलता येते. यंत्र विकायला आलेला माणूस हे सांगेल अशी अपेक्षा धरू नये.

बारीक थरांचा मोहही असाच. थर ०.०५ मिलिमीटरचा केला की थरांची संख्या दुप्पट, वेळ दुप्पट. दातावर बसवायच्या कॅपसाठी हा बारकावा लागतो, हे खरं. पण जबड्याच्या प्रतिकृतीचं मूळ माप सीटी स्कॅनमधून येतं आणि स्कॅनचे काप बऱ्याचदा अर्धा ते एक मिलिमीटर जाडीचे असतात. जी माहिती स्कॅनमध्येच नाही ती प्रिंटर कुठून आणणार? गुळगुळीतपणाला नेमकेपणा समजण्याची ही सवय महागात पडते. मॉडेल आतून पोकळ केल्यानेही स्क्रीनच्या प्रिंटरमध्ये वेळ वाचत नाही. रेझिन मात्र चांगलंच वाचतं.

छपाई संपली की काम संपलं असं वाटतं, ते ज्याने कधी सपोर्ट, म्हणजे छपाईतल्या आधाराच्या काड्या, तोडले नाहीत त्याला. मॉडेल चिकट असतं. ते आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुवायचं, वाळवायचं, आधाराच्या काड्या कटरने काढायच्या, त्यांच्या खुणा घासायच्या आणि मग अतिनील पेटीत पक्कं करायचं. ही सगळी हाताची कामं आहेत. दहा मॉडेलं एकदम निघाली की दहांचेही सपोर्ट एकाच माणसासमोर येऊन पडतात. बहुतेक ठिकाणी तुंबतं ते इथेच. म्हणून स्लायसरमध्ये, म्हणजे मॉडेलचे थर पाडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, फाइल लावतानाच मॉडेल थोडं तिरकं करायचं, सपोर्ट मागच्या, कामाच्या नसलेल्या बाजूला टाकायचे. फाइलवर घातलेली पाच मिनिटं नंतरचा अर्धा तास वाचवतात. शिवाय तिरक्या मॉडेलचा प्रत्येक थर लहान असतो, तळापासून सोडवताना ओढ कमी बसते आणि जॉब मध्येच प्लेटवरून सुटून पडण्याचा धोकाही कमी होतो. पडलेला जॉब हा सगळ्यात महाग जॉब.

तळापासून सोडवण्याची ही कटकटच टाळण्याचा मार्ग जोसेफ डीसिमोन यांच्या गटाने २०१५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडला. टाकीचा तळ प्राणवायू आत येऊ देणारा ठेवायचा. प्राणवायूमुळे तळालगतचं रेझिन घट्टच होत नाही आणि वस्तू न थांबता वर येत राहते. कल्पना देखणी. पण सपोर्ट तिथेही हातानेच काढावे लागतात.

धातूच्या छपाईत प्रश्न वेगळे, आणि तिथे मुंबईचं एक काम सांगायलाच हवं. भुकटीवर लेझर फिरवून धातू वितळवण्याची पद्धत नेमकी आहे, पण संथ आणि खर्चीक. आयआयटी मुंबईतले प्रा. के. पी. करुणाकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरा रस्ता धरला. सीएनसी मशीनच्या डोक्याशेजारी वेल्डिंगची टॉर्च बसवायची, वेल्डिंगने भराभर थर चढवायचा, त्याची वरची बाजू तिथेच मिलिंगने सपाट करायची आणि पुढचा थर चढवायचा. २०१० साली त्यांनी हे काम प्रसिद्ध केलं तेव्हा भर होता तो कमी खर्चावर. ज्या कारखान्याकडे सीएनसी आहे, त्याने त्यावरच हे बसवावं. थर चढवताना तो खडबडीत आला तरी चालतो, कारण नेमकेपणा शेवटच्या कातकामातून येतो. भराभर काम कुठे करायचं आणि नाजूक हात कुठे लावायचा, याची ही वाटणी मला लेझरांची संख्या वाढवण्यापेक्षा शहाणपणाची वाटते.

भुकटीच्या पद्धतीचं समर्थन मात्र इस्रोने आकड्यांत दिलं. पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचं इंजिन छापून तयार केलं आणि मे २०२४ मध्ये ते ६६५ सेकंद चालवून पाहिलं. आधी १४ भाग जोडून होणारं इंजिन एकसंध झालं, वेल्डिंगचे १९ सांधे गेले, ५६५ किलो धातूऐवजी १३.७ किलो भुकटी पुरली आणि एकूण वेळ ६० टक्क्यांनी घटला. इथेही वेळ वाचला तो जोडणी, तपासणी आणि कातकाम गाळल्यामुळे.

विदर्भाच्या दृष्टीने जवळचा धागा म्हणजे ‘बेटिक’. आयआयटी मुंबईत प्रा. बी. रवी यांच्या पुढाकाराने, राज्याच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या मदतीने २०१४ साली सुरू झालेलं हे वैद्यकीय उपकरणांचं केंद्र. नागपूरच्या व्हीएनआयटीत आणि पुण्याच्या सीओईपीत त्याच्या शाखा निघाल्या. डॉक्टरने अडचण सांगायची, इंजिनिअरने ती ऐकून नमुना छापायचा, डॉक्टरने तो नाकारायचा, आणि पुन्हा छापायचा. हे चक्र फिरायला प्रिंटर दवाखान्यापासून फार लांब असून भागत नाही. सावंगी ते नागपूर अंतर पाऊणशे किलोमीटरचं.

इथल्या हवेचंही ऐकावं लागतं. प्लास्टिकची तार वितळवून छापणाऱ्या प्रिंटरमधलं पीएलएचं फिलामेंट साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात बंद गाडीच्या काचेमागे ठेवलेलं मॉडेल वर्ध्यात वाकडं होऊ शकतं. पावसाळ्यात नायलॉन दमट होतं, थंडीत रेझिन दाट होतं. आणि शंभर मिनिटांच्या जॉबमध्ये नव्वदाव्या मिनिटाला वीज गेली तर काय, हे युपीएस घेण्यापूर्वीच विचारावं.

लहान यंत्राने गावात किती उत्पादन द्यावं, हा हिशेब वर्ध्याच्या परिसराला नवा नाही. १९२९ साली गांधीजींच्या अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. अटी कडक होत्या: आठ तासांत १६ हजार फूट सूत निघावं, बाईला तो न दमता चालवता यावा, किंमत दीडशे रुपयांच्या आत असावी आणि यंत्र वीस वर्षं टिकावं. ते बक्षीस कुणालाच मिळालं नाही. त्याच कसोट्या टेबलावरच्या रेझिन प्रिंटरला लावल्या तर उत्पादनात तो सहज पास होईल, शेवटच्या अटीत साफ नापास. त्याचा एलसीडी स्क्रीन साधारण दोन हजार तास चालतो. शंभर मिनिटांच्या जॉबांत मोजलं तर बाराशे. मग नवा स्क्रीन मागवायचा, आणि तो बहुधा चीनमधून येतो. तोवर जबड्याची पट्टी पुन्हा टेबलावरच वाकवावी लागते. म्हणून एक स्क्रीन कपाटात आधीच घेऊन ठेवलेला बरा.